ब्रह्मांडाचं भय आणि उल्मेकेन आपा

माझी बायको बाल्झान गेल्या पानगळीत वारली. तिच्या आईच्या लेखी मात्र ती यंदाच्या जूनपर्यंत जिवंत होती. ही व्यवस्था माझ्या मेव्हण्याने केली होती.

मेव्हण्याचं नाव तेमिरगाली. तो त्यांच्या गावाचा अकीम, सरकारी गावप्रमुख आहे, म्हणजे गावात जे जे होत नाही त्या सगळ्याला तो जबाबदार आहे. बाल्झान झेझ्काझ्गान शहरातल्या इस्पितळात वारली तेव्हा तिची आई उल्मेकेन आपा तालुक्याच्या इस्पितळात छातीला नळ्या लावून पडली होती. डॉक्टर म्हणाला, म्हातारीला धक्का बसता कामा नये. किती दिवस, ते तो बोलला नाही आणि तेमिरगालीनेही विचारलं नाही. दफन शहरात झालं. गावचे लोक गाड्या करून आले, रडले, जेवले, आणि परत जाताना तोंड पुसून गप्प बसले. आपांना सांगण्यात आलं की बाल्झान अल्माटीला लेकीकडे गेली आहे, लेकीला बाळ झालंय, आणि तिकडे फोन लागत नाही. अल्माटीत फोन लागत नाही हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. पण आपांच्या गावात फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

पुढचं काम माझ्याकडे आलं. मी अधूनमधून गाडी काढायची, बाजारातून चहा, साखर, लोकरीचे मोजे घ्यायचे, आणि 'बाल्झानने पाठवलंय' म्हणून आपांच्या पुढ्यात ठेवायचे. त्या विचारायच्या, कशी आहे? मी सांगायचो, बरी आहे. जेवते का? जेवते. जरा सुटली आहे, असंही एकदा सांगून बसलो. त्या खूश झाल्या. मग मी दूध घातलेला चहा प्यायचो आणि रिकाम्या घरी परत यायचो.

असं किती दिवस चालणार होतं? वर्षाचं जेवण जवळ येत होतं. लेकीच्या वर्षाच्या जेवणाला आई हवीच, आणि आई हवी तर लेक गेली आहे हे तिला कळायला हवं. मी तेमिरगालीला म्हटलं, मीच सांगून टाकतो. तो घाबरला. आमच्याकडे दाजीला जेझ्दे म्हणतात. "जेझ्दे, तुम्ही नको," तो म्हणाला. "तुम्ही गाडीचं चाक पंक्चर झाल्यासारखं सांगाल."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आमच्यात मरणाची बातमी सरळ सांगत नाहीत. जाणती माणसं चांगल्या टोप्या घालून येतात, खाली बघत बसतात, कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. मग ज्याला बोलता येतं तो फार लांबून सुरुवात करतो. डोंगर झिजतात, नद्या आटतात, हंस तळं सोडून जातो. ऐकणाऱ्याच्या मनात हळूहळू उजेड पडतो आणि तो स्वतः विचारतो, कोण गेलं? मग नाव सांगायचं, त्याआधी नाही. हे करायला जीभ लागते. मी जन्मभर तांब्याच्या खाणीचा ट्रक चालवला. ट्रकला हंसाच्या गोष्टी सांगून तो घाट चढत नाही, त्यामुळे मला ती सवय नाही.

गावात जीभ असलेला माणूस एकच, साबिरबेक आगा. लग्नात, बारशात, मयतीत तोच बोलतो, आणि एकदा उभा राहिला की मटण थंड होतं. त्याच्यावर ही कामगिरी सोपवली. तो पहिल्यांदा आपांकडे गेला तेव्हा डोंगरापासून निघाला, डोंगरावरून आपल्या आजोबांच्या घोड्यावर गेला, आणि घोड्यावरून काही उतरला नाही. जेवून घरी आला. दुसऱ्या खेपेला तो हंसापर्यंत पोचला. आपा म्हणाल्या, "या दिवसांत हंस कुठले? बदकं असतील. डोळे तपासून घे तुझे." तिथेच बैठक मोडली. तिसऱ्या खेपेचा मुहूर्त काही निघेना, कारण त्याला म्हणे शेवट सुचत नव्हता. मी म्हटलं, शेवट मला सुचलेला आहे, माझ्या रिकाम्या घरी ये आणि बघ. तो माझ्यावर रुसला.

अशात जूनमध्ये आल्दियार आला.

आमच्या भागात आकाशातून रॉकेटचे रिकामे तुकडे पडतात. पडायच्या आधी अकीमला निरोप येतो, लोक गुरं आवरतात, धडाका होतो, आणि धूळ बसली की लोक पत्रा गोळा करायला जातात. तेमिरगालीच्या कोंबड्या ज्या छपराखाली झोपतात ते छप्पर एकदा ढगांच्या वर जाऊन आलेलं आहे. कोंबड्यांना त्याचं काही नाही. आल्दियारने कुठेतरी या पत्र्याचे फोटो पाहिले आणि तो अल्माटीहून धावत आला. बारीक दाढी, काळा सदरा, उन्हातही काळाच. सोबत एक कॅमेरावाली मुलगी. तो सिनेमांचा जाणकार होता. ब्रह्मांडाचं भय सर्वांत उत्तम पकडणारे सिनेमे कोणते, हे ठरवणं हा त्याचा उद्योग. जगात असा उद्योग आहे आणि त्यावर माणूस जेवतो, हे मला तेव्हा कळलं.

हे सिनेमे आकाशाखाली राहणाऱ्या साध्या माणसांना दाखवायचे आणि त्यांच्या चेहऱ्यांवर उमटणारं भय टिपायचं, असा त्याचा बेत होता. तेमिरगालीने गावचं सभागृह दिलं, खिडक्यांना जाड लोकरी नमद्याचे तुकडे ठोकून अंधार केला, आणि दुपारच्या जेवणानंतरची वेळ ठरवली. मी नेमका 'बाल्झानने पाठवलेली' साखर घेऊन तिथे आलो होतो, म्हणून मीही जाऊन बसलो.

आल्दियारने आधी समजावून सांगितलं. या सिनेमांत भूत नसतं, खुनी नसतो. विश्व एवढं मोठं आणि एवढं जुनं आहे की माणूस त्यात धुळीचा कण. तिथून काहीतरी येतं. ते आपला शत्रू नसतं, कारण आपण आहोत हेच त्याला ठाऊक नसतं. ज्या माणसाला हे कळतं त्याला वेड लागतं. साबिरबेक आगाने हात वर केला आणि म्हणाला की माणूस धुळीचा कण आहे हे आमचा मुल्ला दर शुक्रवारी सांगतो, आणि त्यानंतर आम्ही जेवायला जातो.

पहिल्या सिनेमात एका बेटाभोवतीचा समुद्र ओसरतो तो परत येतच नाही. तळाशी काहीतरी झोपलेलं असतं, शहराएवढं. बेटावरचा मास्तर ते बघतो आणि किंचाळत पळतो. आमच्या लोकांनी शांतपणे पाहिलं. सिनेमा संपल्यावर एक म्हातारा म्हणाला की त्याचा मामा अराल समुद्राच्या काठी राहायचा, समुद्र तिथलाही गेला, तळाशी फक्त मीठ निघालं. "मास्तरचं नशीब बरं," तो म्हणाला. "काहीतरी तरी निघालं त्याच्या समुद्रात."

दुसऱ्या दिवशीच्या सिनेमात आकाशातून एक आकार नसलेली वस्तू एका मोठ्या घराच्या दारात उतरते, आणि जो कोणी तिच्याकडे बघतो तो स्वतःचं नाव विसरतो. बायकांची कुजबुज सुरू झाली. आल्दियारला वाटलं, भ्यायल्या. कॅमेरा तिकडे वळला. तिथे चर्चा अशी चालली होती की ते जे काही आहे ते इतक्या लांबून आलं, तर त्या घरातल्या एकीनेही त्याला चहा कसा विचारला नाही? एवढं मोठं घर, नोकर माणसं, आणि पाहुणा उंबऱ्यात उभा. मग ते चिडणार नाही तर काय करणार!

 मला त्या सिनेमाचा राग आला होता. त्यातल्या शहाण्याला कळतं की आकाशाला आपली पर्वा नाही, आणि तो केस उपटत सुटतो. बाल्झान गेली तेव्हा मी इस्पितळाच्या गच्चीवर उभा होतो. वर बघितलं. पर्वा नव्हतीच. मग खाली जाऊन गाडी हलवली, कारण ती रुग्णवाहिकेच्या वाटेत होती आणि रखवालदार शिव्या देत होता. यावर कोणी सिनेमा काढणार नाही.

संध्याकाळी आल्दियार तेमिरगालीच्या ओट्यावर डोकं धरून बसला. म्हणाला, तुमच्या लोकांना भीती कशी वाटत नाही? तेमिरगाली म्हणाला, वाटते की, पण तपासणीवाल्यांची. बिचारा हसलाही नाही. मग त्याने ठरवलं की तिसऱ्या दिवशी वेगळं करायचं. सगळ्यांनी जुन्या चांगल्या टोप्या आणि चापान, म्हणजे लांब अंगरखे, घालायचे. पुढच्या रांगेत पांढऱ्या दाढ्या. हसायचं नाही, बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, कॅमेऱ्याकडे तर मुळीच नाही, नजर जमिनीला. आणि मधोमध गावातली सर्वांत वृद्ध बाई, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली. त्याला असं चित्र हवं होतं.

सर्वांत वृद्ध बाई म्हणजे उल्मेकेन आपा. तेमिरगालीची छाती फुगली. आई सिनेमात येणार होती. त्याने मला गाडी घेऊन पाठवलं.

यात काही गडबड होईल हे त्याच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही आलं नाही. साबिरबेक आगाच्या तरी यायला हवं होतं, पण तो आपली टोपी शोधण्यात गुंतला होता.

मी आपांना आणलं. सभागृहाच्या दारात त्या थांबल्या. समोर सगळा गाव टोप्या घालून बसलेला. कोणी हूं नाही, चूं नाही. त्यांना बघून कोणी उठून हातात हात घेतला नाही, की तब्येत विचारली नाही. सगळ्यांच्या माना खाली. अर्ध्यांच्या आल्दियारने सांगितलं म्हणून, आणि अर्ध्यांच्या हिवाळाभर आपांसमोर तशाच असायच्या म्हणून. मधली खुर्ची रिकामी होती.

"ही मंडळी कशाला जमलीत?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"सिनेमा आहे, आपा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काठी टेकत जाऊन मधल्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याच्या बातमीच्या वेळी, भावाच्या वेळी त्या अशाच एका मधल्या जागेवर बसल्या होत्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि तिथून तो देखावा एकदम माझ्या लक्षात आला. मरणाची बातमी सांगायला गाव असाच बसतो. पण आल्दियारने सुरुवात केली होती.

त्या दिवशी त्याने आवाज अगदी खाली आणला होता. आपांच्या समोर एक गुडघा टेकून बसला, कॅमेऱ्यात दोघं एकदम यावेत म्हणून.

"आजी," तो म्हणाला, "माणूस आयुष्यभर एका गोष्टीकडे पाठ करून जगतो. ती त्याला ठाऊक नसते म्हणून तो हसतो, चहा पितो, उद्याचे बेत करतो. पण ती गोष्ट घडून गेलेली असते. तारा विझलेला असतो आणि त्याचा उजेड आपल्याला अजून दिसत असतो. आपण म्हणतो, आहे. तो तर केव्हाच नसतो."

पहिल्या रांगेत कोणीतरी खाकरलं. आपा हलल्या नाहीत.

"आणि आकाश इतकं मोठं आहे," आल्दियार म्हणाला, "की तिथे जे गेलं ते आपली हाक ऐकत नाही. आपण कितीही हाका मारल्या तरी. हे ज्याला कळतं त्याला ते सोसत नाही. म्हणून आजूबाजूचे लोक ते त्याच्यापासून लपवतात. या घटकेलासुद्धा..."

"मुला, पुरे," आपा म्हणाल्या. "छान बोलतोस. कोण गेलं?"

आल्दियारला वाटलं, त्या सिनेमाबद्दल विचारतायत. त्याचा चेहरा उजळला.

"कोणी एक नाही, आजी. सगळेच. अख्खी मानवजात."

"अख्ख्या मानवजातीचं मी काय करू? माझ्यातलं कोण गेलं ते सांग."

आल्दियारने तेमिरगालीकडे बघितलं. तेमिरगाली आपल्या बुटांकडे बघत होता. साबिरबेक आगा उठला. इतके महिने ज्याची वाट पाहिली ती घडी त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानेच आणली होती, आणि ती हातची जाऊ नये म्हणून त्याने घाईघाईने घसा साफ केला.

"उल्मेकेन, डोंगर जेव्हा..."

"तू खाली बस. डोंगर मागच्या खेपेला झाला."

तो बसला.  आपांनी मागे वळून माणसांतून मला शोधलं आणि बघत राहिल्या. त्यांचं विचारून झालं होतं. आता नाव सांगायला आमच्या रीतीचीही हरकत नव्हती.

"बाल्झान गेली, आपा," मी म्हटलं. "गेल्या पानगळीत. पोटाचं दुखणं होतं."

पंक्चर सांगावं तसंच सांगितलं. दुसरं येत नव्हतं.

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "आणि बाळ?" त्यांनी विचारलं.

"बाळ आहे. ते खरं आहे. मुलगी आहे."

"म्हणजे तेवढं एक खरं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून लेकीच्या नावाने शोक सुरू केला, त्यांच्या आईने आणि आजीने केला असेल तसा, मोठ्याने, सुरात. मागच्या रांगांतल्या बाया वाटच बघत असल्यासारख्या त्यात मिसळल्या. इतक्या महिन्यांचं रडू त्यांनी दाबून धरलेलं होतं. बायकांना गुपित सांभाळायला लावणं हा तेमिरगालीच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण हुकूम होता. मी मधल्या वाटेने पुढे गेलो, आपांच्या पायाशी बसलो, त्यांनी माझं डोकं छातीशी ओढलं, आणि हिवाळाभर त्या घरात मला जे करता आलं नव्हतं ते मी केलं. हंबरडा फोडून रडलो. पुरुष एकेक करून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून नव्याने सांत्वनाचे शब्द बोलले. सगळ्यांचे ते दफनाच्या दिवशी एकदा बोलून झाले होते. पण आपांच्या देखत बोलले नव्हते, म्हणून ते लागू झाले नव्हते.

आल्दियार पडद्यापाशी उभा राहून कॅमेरावालीला खुणा करत होता, घे, घे, हे घे. ती मुलगी कॅमेरा खुर्चीवर ठेवून बायांच्या घोळक्यात रडत बसली होती. तिची स्वतःची आई गेल्याला दोन वर्षं झाली होती, असं नंतर कळलं.

आपांच्या छातीला काही झालं नाही. हे डॉक्टरला कळवायला हवं.

मग मेंढी कापली, कढया चढल्या. आपांनी अंगणात गालिचा घालायला लावला आणि आल्दियारला सर्वांच्या वरच्या जागेवर बसवलं. मानाचं म्हणून मेंढीचं डोकं त्याच्यापुढे आलं. त्याने ते पाहिलं, आणि दोन दिवस आमच्यात शोधलेलं भय त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ उमटलं. टिपायला कॅमेरा नव्हता.

आपा सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "नवऱ्याची बातमी मला तिघांनी मिळून सांगितली, तिघांनी तीन बाजूंना ओढली. भावाची सांगायला आलेला स्वतःच आधी रडला. या पोराने मात्र मला हाताला धरून तिथवर नेलं. विझलेल्या ताऱ्याचा उजेड. साबिरबेक, शिकून घे." आणि त्यांनी आपल्या नवऱ्याचा पेटीतला चापान काढून आल्दियारच्या खांद्यावर घातला.

कोणी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही. तेमिरगाली तर सांगत सुटला की ही सगळी योजना त्याचीच. अल्माटीहून मुद्दाम जाणकार माणूस मागवला होता म्हणे. साबिरबेक आगाने मटणाला हात लावला नाही. त्याच्या मते ताऱ्याचा दाखला उसना होता, आमच्याकडे हंसच चालतो.

आल्दियार माझ्या कानाशी लागला. "आगा, हे सगळं कशाबद्दल?"

"तुमचं बोलणं आवडलं त्यांना," मी म्हटलं.

"पण सिनेमा तर मी दाखवलाच नाही."

"म्हणून तर."

तो दुसऱ्या दिवशी गेला. पुढे माझ्या एका भाचीने मला फोनवर दाखवलं, त्याने सिनेमांची नवी क्रमवारी लावली आहे आणि त्या दिवशी न दाखवलेला सिनेमा पहिल्या क्रमांकावर टाकला आहे. खाली लिहिलंय की या सिनेमाची ताकद एवढी, की गवताळ माळावरच्या म्हाताऱ्या तो सुरू होण्याआधीच धाय मोकलून रडू लागल्या. खोटं काही नाही त्यात.

मी मात्र तो गेला त्याच दिवशी आपांना घेऊन झेझ्काझ्गानला निघालो. त्यांना कबर बघायची होती. तेमिरगाली म्हणाला, उन्हाळा आहे, धक्के बसतील, नंतर जा. त्या म्हणाल्या, "तुझं 'नंतर' मी हिवाळाभर बघितलं," आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या.

 वाटेत एका मोकळ्या उतारावर रॉकेटचा मोठा तुकडा पडलेला होता, त्याच्या सावलीत घोडे उभे होते. त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

"शेवटी शेवटी काय खायची?" त्यांनी विचारलं.

"काहीच जायचं नाही," मी म्हटलं. "तुमच्या हातचं वाळवलेल्या दह्याचं कुर्त तेवढं चघळायची. एकेक खडा तोंडात धरून बसायची."

"मीठ बरं होतं का त्यात?"

"जास्त होतं."

"ती काही म्हणाली?"

"नाही. तोंड वाकडं करायची आणि दुसरं मागायची."

आपांनी तोंडाला रुमाल लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला रस्त्यावरची नजर काढून बघता आलं नाही. मग म्हणाल्या, "आणखी सांग," आणि शहर येईपर्यंत मी सांगत राहिलो. जे जसं झालं तसं.